शिश्नाच्या कॅन्सरमध्ये जांघेतल्या ग्रंथी: पहिल्या तपासणीपासून ऑपरेशननंतरच्या देखरेखीपर्यंत

शिश्नाचा कॅन्सर आहे हे कळलं की माणसाचं सगळं लक्ष त्या एका अवयवावर खिळतं. किती भाग काढणार, लघवी कशी होणार, पुढे संसाराचं काय. हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांकडून घ्यायलाच हवीत. पण जीव वाचण्याच्या दृष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो तो जांघेत. कॅन्सर जांघेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलाय का, किती ग्रंथींत पोचलाय, आणि तिथून वर ओटीपोटात गेलाय का, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मी स्वतः या उपचारांतून गेलोय. ओपीडीबाहेर बसलेल्या नवीन पेशंटशी बोलताना दरवेळी जाणवतं की मूळ जागेचं ऑपरेशन झालं की लोकांना वाटतं, सुटलो. जांघेचा विषय त्यांना कुणी नीट समजावलेलाच नसतो. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. उपचारांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

१. आधी वाट समजून घ्या

शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिकावाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. पेशींभोवती साचणारं पाणी, म्हणजेच लसिका, त्या गोळा करतात आणि वाटेतल्या ग्रंथींमधून गाळून पुन्हा रक्तात सोडतात. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते याच ग्रंथी सुजल्यामुळे. कॅन्सरच्या पेशीही याच वाहिन्यांत शिरतात आणि वाटेत पहिल्यांदा लागणाऱ्या ग्रंथीत अडकतात.

शिश्नाचे ९५ टक्क्यांहून जास्त कॅन्सर त्वचेच्या स्क्वॅमस पेशींपासून होतात, आणि हा आजार बहुतेक वेळा क्रमाने वर चढतो. आधी जांघेतल्या वरच्या थरातल्या ग्रंथी, मग तिथल्याच खोल ग्रंथी, त्यानंतर ओटीपोटातल्या, आणि मग कमरेच्या मणक्यापुढे महाधमनीला लागून असलेल्या. जांघ वगळून थेट ओटीपोटात उडी मारल्याची उदाहरणं जवळपास नाहीतच. आपल्यासाठी ही मोठी जमेची बाजू आहे. पहिल्या टप्प्यावर आजार गाठला आणि तिथल्या ग्रंथी पूर्ण काढल्या, तर फक्त ऑपरेशननेही माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. पसरलेल्या कॅन्सरबद्दल असं फार कमी वेळा म्हणता येतं.

आता स्वतःच्या शरीरावर ही जागा ओळखा. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून शिश्नाच्या मुळावरच्या जांघेच्या हाडापर्यंत एक तिरकी, घट्ट पट्टी जाते. तिला इंग्वायनल लिगामेंट म्हणतात. पायाच्या आतल्या बाजूने वर येणारी लांब सॅफेनस शीर या पट्टीच्या थोडी खाली आत वळते आणि मांडीच्या मोठ्या फेमोरल शिरेला मिळते. वरच्या थरातल्या बहुतेक ग्रंथी या संगमाभोवती आणि पट्टीच्या कडेने असतात. त्यांच्याखाली मांडीच्या स्नायूंवरचं जाड आवरण असतं. त्या आवरणाच्या आत, फेमोरल शिरेच्या आतल्या बाजूला, मोजक्या खोल ग्रंथी असतात. त्यांतली सगळ्यात वरची म्हणजे क्लोकेची ग्रंथी. ती ओटीपोटाच्या अगदी तोंडाशी असते.

१९४८ साली डेझलर आणि सहकाऱ्यांनी या जागेचे पाच भाग पाडले. संगमाचा मधला भाग एक, आणि त्याभोवती वरचे दोन, खालचे दोन. शिश्नाकडून येणारी लसिका मुख्यतः वरच्या-आतल्या आणि मधल्या भागात उतरते, खालच्या दोन भागांत थेट जवळपास येतच नाही. तपासताना डॉक्टरांची बोटं जांघेच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात जास्त वेळ रेंगाळतात त्याचं कारण हेच.

अजून दोन गोष्टी. पहिली, शिश्नाच्या लसिकावाहिन्या डावी-उजवी बाजू पाळत नाहीत. शिश्नमुंडाच्या वाहिन्या खालच्या बाजूने गोळा होऊन कडेने वळसा घालतात, शिश्नाच्या वरच्या बाजूने मुळाशी येतात आणि जांघेच्या हाडापुढे एकमेकींत मिसळून दोन्हीकडे फुटतात. त्वचेच्या वाहिन्यांचंही तसंच. म्हणून जखम डाव्या बाजूला असली तरी उजव्या जांघेचीही तितकीच नीट तपासणी व्हायला हवी. दुसरी, अंडकोषाच्या म्हणजे वृषणाच्या कॅन्सरबद्दल ऐकलेलं इथे लावू नका. वृषणाची लसिका जांघेत न येता थेट पोटात महाधमनीजवळ जाते, त्यामुळे त्याचा सगळा हिशोबच वेगळा असतो.

२. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये काय शोधायचं

जांघेचं पुढे काय करायचं हे मूळ गाठीच्या रिपोर्टवरून ठरतं. चार गोष्टींवर खूण करा.

खोली: टी-वन म्हणजे त्वचेखालच्या थरापर्यंत, टी-टू म्हणजे मूत्रनलिकेभोवतीच्या स्पंजासारख्या भागात, टी-थ्री म्हणजे ताठरता आणणाऱ्या दोन दंडांत, टी-फोर म्हणजे शेजारच्या अवयवांत.

ग्रेड: पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. एक म्हणजे सौम्य, तीन म्हणजे आक्रमक.

लसिकावाहिन्यांत किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव: रिपोर्टवर याला एलव्हीआय लिहितात.

नसांभोवती शिरकाव: याला पीएनआय लिहितात.

टी-वन असूनही शेवटच्या तीनपैकी काही वाईट (ग्रेड तीन किंवा शिरकाव) निघालं तर तो टी-वन-बी होतो, नाहीतर टी-वन-ए. टी-वन-बी आणि त्यापुढच्या सगळ्यांत, जांघेत काही लागत नसलं तरी ग्रंथींची शस्त्रक्रियेने तपासणी करायला सांगतात. नुसती देखरेख चालते ती अगदी वरवरच्या आणि सौम्य आजारात, आणि तीही पेशंट ठरल्या तारखेला न चुकता येणार असेल तरच. ग्रेड दोनचा टी-वन-ए मधल्या गटात येतो. तिथे दोन्ही पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

एलव्हीआय किंवा पीएनआयबद्दल रिपोर्टमध्ये काहीच लिहिलं नसेल तर ‘नाही’ असं समजू नका. पॅथॉलॉजिस्टकडून लेखी उत्तर मागवा. स्लाइड पुन्हा पाहून ते सांगता येतं.

३. पहिल्या भेटीला काय न्यायचं

बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट, आणि त्यासोबत स्लाइड व मेणाचे ब्लॉक. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात, आणि नेमके ब्लॉक नसल्यामुळे बरेच दिवस वाया जातात.

आधी सुंता किंवा कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर त्याची ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

सीटी, एमआरआय, पेट स्कॅनच्या सीडी. नुसत्या फिल्म आणि छापील रिपोर्टवर भागवू नका.

चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक लिहा. मधुमेह, किडनीचा त्रास आणि कसलीही ॲलर्जी हेही त्यातच.

जांघेत पूर्वी हर्नियाचं ऑपरेशन, भाजणं, मोठी जखम किंवा रेडिएशन झालं असेल तर त्याची माहिती. व्रणामुळे लसिकेची वाट बदललेली असू शकते.

एक वही आणि शिवणकामाची टेप. टेप कशासाठी ते पुढे येईल.

सोबत एक माणूस न्या. बायको असेल तर उत्तम. लाजेपोटी एकट्याने जाणारे बरेच असतात, आणि ऐकलेलं अर्धं डोक्यात राहत नाही.

४. जांघ तपासताना

तुम्हाला झोपवून आणि उभं करून, दोन्ही बाजू चाचपतील. डॉक्टर पाहतात ते असं: गाठ लागते का, किती, एका बाजूला की दोन्हीकडे, बोटाखाली हलते की खालच्या भागाला चिकटलीय. हलणारी एक गाठ, हलणाऱ्या अनेक किंवा दोन्ही बाजूंच्या गाठी, आणि चिकटलेला गोळा, अशा या चढत्या पायऱ्या आहेत. कागदावर त्या एन-वन, एन-टू, एन-थ्री अशा येतात. स्कॅनवर ओटीपोटातल्या ग्रंथी वाढलेल्या दिसल्या तर तेही एन-थ्रीच.

इथून दोन रस्ते फुटतात.

गाठ लागत नसेल तर. सगळ्यात धोकादायक गैरसमज इथे होतो. हाताला काही न लागणाऱ्या पेशंटपैकीही साधारण २० ते २५ टक्के लोकांच्या ग्रंथींत कॅन्सरचे सूक्ष्म कण आधीच पोचलेले असतात. सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅनसुद्धा इतके बारीक कण पकडू शकत नाहीत. ‘पेट क्लिअर आहे’ हे वाक्य ऐकून टी-टूचा पेशंट घरी निघून जातो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. गाठ वर येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा आधीच ग्रंथी तपासून काढलेल्यांचं आयुष्य स्पष्टपणे जास्त असतं, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. पोट सुटलेल्या माणसाची जांघ तर हाताने नीट कळतही नाही. त्यांनी सोनोग्राफीचा आग्रह धरावा.

गाठ लागत असेल तर. ती कॅन्सरचीच असेल असं नाही, मूळ जखमेतल्या जंतुसंसर्गानेही सुजते. पूर्वी चार ते सहा आठवडे अँटिबायॉटिक देऊन गाठ उतरते का ते बघायचे. आता असं थांबायला सांगत नाहीत, कारण कॅन्सर असला तर तेवढा काळ फुकट जातो. जखमेत पू असेल तर औषध जरूर घ्या, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफीत बघून गाठीची सुईने तपासणी करून घ्या. सुईच्या तपासणीत काही निघालं नाही आणि गाठ मात्र संशयास्पद वाटत असेल, तर ती तपासणी पुन्हा करतात किंवा गाठच काढून पाहतात. एका ‘निगेटिव्ह’वर विषय संपवू नका. आणि एका बाजूची गाठ पॉझिटिव्ह आली तरी दुसऱ्या बाजूची तपासणी राहिलेलीच असते, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

५. सेंटिनल ग्रंथीची तपासणी

काही लागत नसेल आणि धोका मात्र मधला किंवा जास्त असेल, तर ही तपासणी सुचवतात. सेंटिनल म्हणजे लसिका जिथे सर्वांत आधी उतरते ती ग्रंथी. ती स्वच्छ असेल तर पुढच्याही स्वच्छ असणार. ही कल्पना शिश्नाच्या कॅन्सरमध्येच रामोन काबानास या सर्जननी १९७७ साली मांडली. त्यांनी धरलेली ठरावीक जागा पुढे पुरेशी ठरली नाही, कारण प्रत्येकाची पहिली ग्रंथी थोडी इकडेतिकडे असते. म्हणून आता ती प्रत्येक पेशंटमध्ये नव्याने शोधतात.

आधी जांघेची सोनोग्राफी होते. मग गाठीच्या किंवा ऑपरेशनच्या व्रणाच्या कडेला टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याची अगदी थोडी मात्रा टोचतात. टोचण्याआधी बधिर करणारं मलम किंवा स्प्रे मागून घ्या, लाजू नका, कारण ते क्षण खरंच झोंबतात. त्यानंतर गॅमा कॅमेऱ्याखाली झोपायचं. पडदा सुरुवातीला काळा असतो. टोचलेल्या जागी एक ठळक ठिपका दिसतो, थोड्या वेळाने त्यातून बारीक रेघ सरकते आणि जांघेत दुसरा ठिपका उजळतो. मी तो पडदा मान वळवून बघत होतो. डावीकडे ठिपका लवकर आला आणि उजवीकडचा येईपर्यंत तंत्रज्ञ, मी, सगळेच गप्प होतो. ठिपका आला की त्याच जागी कातडीवर मार्करने फुली मारतात. ती फुली ऑपरेशन होईपर्यंत पुसू नका.

ऑपरेशनच्या वेळी निळा रंगही टोचतात. निळी झालेली आणि गॅमा प्रोबला (किरणोत्सार टिपणाऱ्या कांडीला) प्रतिसाद देणारी ग्रंथी काढून पॅथॉलॉजीला जाते. नंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका. या रंगाची ॲलर्जी क्वचित होते, म्हणून जुनी ॲलर्जी आधीच सांगा.

इथला सापळा असा: एका बाजूला ठिपका उजळलाच नाही तर ती बाजू स्वच्छ आहे असा अर्थ होत नाही. ती बाजू न तपासलेली राहिली, एवढाच अर्थ होतो. तपासणी पुन्हा करायची की त्या बाजूच्या ग्रंथी काढायच्या, याचं उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

ज्यांचं मूळ ऑपरेशन आधीच झालंय त्यांनाही हे करता येतं, व्रणाभोवती टोचून. त्यामुळे ‘आता उशीर झाला’ असं स्वतःच ठरवू नका. मात्र जितक्या लवकर होईल तितकं चांगलं. जांघेचं ऑपरेशन तीन महिन्यांपलीकडे लांबलं तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं.

ही तपासणी वर्षाला बरेच पेशंट करणाऱ्या केंद्रातच करावी. अनुभवी हातांतही काही टक्के वेळा ती चुकते, म्हणून ग्रंथी स्वच्छ निघाली तरी पुढची देखरेख सुटत नाही.

६. ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन

सेंटिनल ग्रंथीत किंवा सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला तर त्या बाजूच्या जांघेतल्या ग्रंथी पूर्ण काढतात. जागा मघाचीच: वर ती तिरकी पट्टी, बाहेर आणि आत मांडीचे दोन स्नायू, असा त्रिकोण. १९८८ साली कॅटालोना यांनी यातली छोटी पद्धत मांडली. तिच्यात खालच्या-बाहेरच्या भागाला हात न लावता सॅफेनस शीर जपतात. दुर्बिणीतून किंवा रोबोटनेही आता हे ऑपरेशन होतं आणि जखमेचा त्रास कमी होतो. सर्जनना थेट विचारा: शीर वाचवणार का, चीर किती, ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी) किती दिवस?

गोळा खालच्या भागाला चिकटलेला असेल किंवा ग्रंथी फार मोठ्या असतील तर आधी केमोथेरपी देऊन मग ऑपरेशन करतात. थेट ऑपरेशन का नाही, असं वाटून नाराज होऊ नका. केमोला चांगला प्रतिसाद मिळाला की पुढचं ऑपरेशन जास्त खात्रीचं होतं.

नंतरच्या रिपोर्टमध्ये ‘२/११’ असं काही दिसेल: अकरा ग्रंथी तपासल्या, दोनमध्ये कॅन्सर. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे वाचा. त्याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे ईएनई, म्हणजे ग्रंथीचं आवरण फोडून कॅन्सर बाहेर आलाय का. एका बाजूला तीन किंवा जास्त ग्रंथी बाधित असतील, किंवा एकाही ग्रंथीत ईएनई असेल, तर त्याच बाजूच्या ओटीपोटातल्या ग्रंथीही काढायला सांगतात. यात एक्स्टर्नल इलियाक आणि ऑब्च्युरेटर शिरांजवळच्या ग्रंथी येतात. एका बाजूच्या जांघेतून आजार पलीकडच्या ओटीपोटात सहसा जात नाही. असा रिपोर्ट आला तर केमो किंवा रेडिएशनचा निर्णय एकट्या सर्जनकडून न घेता, सगळ्या विभागांचे डॉक्टर बसतात त्या ट्यूमर बोर्डपुढे तुमची केस न्यायला सांगा.

७. ऑपरेशननंतरचे आठवडे

हा भाग चिकाटीचा आहे. जांघेची त्वचा पातळ, घामट आणि सतत दुमडणारी, त्यामुळे जखम चिघळणं, कडा काळ्या पडणं, आत पाणी साचणं हे प्रकार बरेच होतात.

ड्रेनमधलं पाणी रोज एकाच वेळी मोजून वहीत तारखेसह लिहा. रंगही लिहा. चोवीस तासांचं माप पुरेसं उतरल्यावरच डॉक्टर नळी काढतात. घाईने काढली तर पाणी आत साचतं.

आता ती टेप. ऑपरेशनच्या आधी दोन्ही पायांचा घेर घोटा, पोटरी आणि मांडीला मोजून ठेवा, गुडघ्यापासूनचं अंतर ठरवून. नंतर पाय सुजलाय की नुसतं वाटतंय याचं उत्तर या आकड्यांतूनच मिळतं. लसिकेची सूज लवकर पकडली तर दाबाचे मोजे, मालिश आणि व्यायामाने आटोक्यात राहते, जुनी झाली की हट्टी होते. वृषणाच्या पिशवीलाही सूज येते, तिला आधार देणारी घट्ट चड्डी वापरा. नखं जपून कापा, अनवाणी फिरू नका, पायाला भेगा पडू देऊ नका. पाय लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी अचानक दुखून सुजली किंवा धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात जा, कारण ती शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा येतो. तो कमी होतो, पण कधीकधी थोडा राहतो.

८. पुढची देखरेख

जांघेत आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी, असा सर्वसाधारण क्रम असतो. तुमच्या आजाराप्रमाणे डॉक्टर त्यात बदल करतील.

मधल्या काळात महिन्यातून एकदा स्वतः तपासा. आंघोळीनंतर पाठीवर झोपा, गुडघा थोडा दुमडून बाहेर टाका, म्हणजे जांघ सैल पडते. तीन बोटं सपाट ठेवून जांघेच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला पट्टीच्या कडेने सरकवा, मग मांडीच्या आतल्या बाजूने चार-पाच बोटं खाली या. दोन्ही बाजू. मऊ, चपट्या, सरकणाऱ्या छोट्या ग्रंथी अनेक निरोगी माणसांतही लागतात. काय लागलं, कुठे आणि साधारण किती मोठं, ते वहीत लिहा. मागच्या महिन्यापेक्षा वाढलेली, टणक किंवा एका जागी चिकटलेली गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करून त्याच आठवड्यात दाखवा.